टीबीचा जंतू तालुक्याच्या लॅबमध्ये दिसतो, मग कोरोना का दिसत नाही? समजून घ्या मायक्रोस्कोपची गंमत!

२०२० सालचा मार्च महिना आठवतोय? टीव्ही लावला की तोच तो काटेरी चेंडू. राखाडी अंग आणि त्यावर लाल काटे. व्हॉट्सॲपच्या प्रत्येक दुसऱ्या फॉरवर्डमध्येही तोच. आपल्यापैकी बहुतेकांना तेव्हा वाटलं की हाच कोरोनाचा फोटो.

मंडळी, तो फोटो नव्हताच. अमेरिकेतल्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेच्या दोन चित्रकारांनी कॉम्प्युटरवर तयार केलेलं ते चित्र होतं.

मग खरा फोटो कसा होता? आपल्या देशात तो काढला पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेने, म्हणजे एनआयव्हीने. ३० जानेवारी २०२० रोजी केरळमध्ये देशातला पहिला रुग्ण सापडला. त्याच्या घशातल्या नमुन्यातून हा फोटो मिळाला आणि मार्च महिन्यात तो 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च'मध्ये छापून आला. त्यात ना लाल रंग, ना चकाकी. धुरकट राखाडी पार्श्वभूमीवर एक गोल ठिपका आणि त्याच्या कडेला बारीक देठांसारखं काहीतरी. त्या ठिपक्याचा आकार होता ७५ नॅनोमीटर.

आता खरा प्रश्न. मायक्रोस्कोप तर आपल्या तालुक्याच्या पॅथॉलॉजी लॅबमध्येही असतो. तिथे मलेरिया दिसतो, टीबीचा जंतू दिसतो. मग कोरोना का दिसत नाही? थोडी जास्त पॉवरची भिंग लावली तर काम होणार नाही का?

नाही होणार. कितीही पैसे खर्च केले तरी नाही. का, ते आज समजून घेऊया.

आधी मोजमाप पाहू

पट्टीवरच्या एका मिलिमीटरचे हजार भाग केले की एक मायक्रॉन मिळतो. त्या मायक्रॉनचे पुन्हा हजार भाग केले की एक नॅनोमीटर.

आपले डोळे चांगले असतील तर साधारण १०० मायक्रॉनपर्यंत, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत आपण पाहू शकतो. त्याहून जवळ असलेले दोन ठिपके आपल्याला एकच वाटतात. डोक्याचा केस साधारण ८० मायक्रॉन जाड धरा. रक्तातली लाल पेशी ७ ते ८ मायक्रॉन. टीबीचा जंतू २ ते ४ मायक्रॉन लांब, पण जाडीला अर्ध्या मायक्रॉनपेक्षाही कमी.

आणि कोरोनाचा विषाणू? साधारण १०० नॅनोमीटर, म्हणजे मायक्रॉनचा दहावा भाग. एका केसाच्या जाडीवर हे विषाणू एका रांगेत उभे केले, तर जवळपास ८०० मावतील!

मोठं करणं वेगळं, स्पष्ट दिसणं वेगळं

मोबाईलवर लांबून काढलेला गाडीचा फोटो घ्या आणि नंबर प्लेट वाचायला झूम करत जा. सुरुवातीला नंबर मोठा होतो. नंतर फक्त चौकोन मोठे होतात. फोटोत नसलेली माहिती झूम करून येत नाही.

मायक्रोस्कोपचंही असंच आहे. एखादी गोष्ट किती पट मोठी दिसते यापेक्षा, जवळजवळचे दोन ठिपके वेगवेगळे दिसतात की नाही, हे महत्त्वाचं. याला विभेदन क्षमता म्हणतात. मायक्रोस्कोपची खरी ताकद हीच.

नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट शहरात अँटनी व्हान लेव्हेनहूक नावाचा कापडाचा व्यापारी राहायचा. त्याने स्वतःच्या हाताने इवलीशी भिंगं घडवली. त्याच्या उपकरणात एकच भिंग असायचं, पण ते इतकं नितळ असायचं की आजही शिल्लक असलेल्या त्याच्या एका उपकरणातून वस्तू २६० पटींहून मोठी दिसते. १६७६ साली त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहून पाण्यातल्या 'छोट्या प्राण्यां'बद्दल कळवलं. लोकांचा विश्वास बसेना. शेवटी रॉबर्ट हूक या शास्त्रज्ञाने पुढच्या वर्षी स्वतः पाहून खात्री केली. याच हूकने १६६५ सालच्या आपल्या पुस्तकात बुचाच्या झाडाच्या सालीतल्या कप्प्यांना 'सेल' म्हटलं होतं. आज आपण ज्याला पेशी म्हणतो तो शब्द इथून आला.

त्यानंतर दोनशे वर्षं भिंगं सुधारत गेली. आणि मग एका ठिकाणी गाडी अडकली.

प्रकाशाची बोटं जाड असतात!

आपल्या स्वयंपाकघरातल्या स्टीलच्या डब्यांवर नाव कोरलेलं असतं ना? कुणी लग्नात दिलं, कोणत्या तारखेला दिलं, सगळं. आता डोळे मिटा आणि हातात जाड लोकरीचा मोजा घालून ते नाव चाचपून वाचायचा प्रयत्न करा. डबा गोल आहे एवढं कळेल. अक्षरं कळणार नाहीत. मोजा काढून नखाच्या टोकाने चाचपलं तर मात्र एकेक अक्षर लागायला लागेल. डबा तोच, नाव तेच. फरक पडला तो चाचपणाऱ्या टोकाच्या जाडीने.

प्रकाशानेही आपण वस्तू एका अर्थाने चाचपतच असतो. प्रकाश ही लाट आहे आणि आपल्याला दिसणाऱ्या प्रकाशाच्या लाटेची लांबी ४०० ते ७०० नॅनोमीटर असते. वस्तूतला तपशील या लाटेपेक्षा फारच बारीक असेल, तर लाट त्याला जणू ओळखतच नाही. तो तपशील सगळा एकात मिसळून जातो.

जर्मनीतल्या येना शहरात एर्न्स्ट आबे नावाचे भौतिकशास्त्रज्ञ कार्ल झाइस यांच्या कारखान्यासाठी काम करत होते. १८७३ साली त्यांनी ही मर्यादा मांडली. सोप्या भाषेत सांगायचं तर, साध्या प्रकाशाच्या मायक्रोस्कोपने लाटेच्या लांबीच्या निम्म्याहून फार बारीक काही वेगळं दिसत नाही. उत्तमोत्तम भिंग वापरलं तरी ही सीमा साधारण २०० नॅनोमीटरवर येते. आबे यांचं हे सूत्र आज येनामधल्या त्यांच्या स्मारकावर कोरलेलं आहे.

लॅबमध्ये तुम्ही कधी पाहिलं असेल, टेक्निशियन स्लाइडवर तेलाचा एक थेंब टाकतात आणि भिंग त्या थेंबात टेकवतात. ती याच सीमेपर्यंत पोहोचण्याची धडपड असते. काचेतून हवेत जाताना प्रकाश वाकतो आणि तिरके किरण भिंगात शिरतच नाहीत. हे तेल प्रकाशाला काचेइतकंच वाकवतं. त्यामुळे मधला अडथळा जातो, जास्त किरण भिंगात येतात आणि बारीक तपशील स्पष्ट होतो.

आता हिशेब करा. सीमा २०० नॅनोमीटरची, विषाणू १०० नॅनोमीटरचा. टीबीचा जंतू सीमेच्या अलीकडे राहतो, कोरोना पलीकडे. म्हणून एक दिसतो आणि दुसरा नाही.

पण टीबीचा जंतू तरी सहज दिसतो का?

पेशी आणि जंतू जवळपास पारदर्शक असतात. त्यांच्यात बहुतेक पाणीच असतं. पाण्यात काचेचा तुकडा शोधण्यासारखं ते काम. म्हणून त्यांना रंगवावं लागतं.

रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये टीबीचा जंतू सापडल्याचं जाहीर केलं, ते या रंगांच्याच जोरावर. म्हणूनच २४ मार्चला जागतिक क्षयरोग दिन पाळतात. पुढे त्झील आणि नीलसन यांच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत रूढ झाली. टीबीच्या जंतूवर मेणासारखं आवरण असतं. थुंकीच्या स्लाइडवर लाल रंग टाकून ती गरम करतात, म्हणजे रंग त्या आवरणात मुरतो. मग आम्लाने धुतात. बाकी सगळ्यांचा रंग निघून जातो, टीबीचा जंतू मात्र सोडत नाही. शेवटी निळा रंग दिला की निळ्या मैदानावर बारीक लाल काड्या उठून दिसतात.

इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. स्लाइडवर जंतू दिसायचे तर एक मिलिलिटर थुंकीत साधारण ५ ते १० हजार जंतू असावे लागतात. त्याहून कमी असतील तर रिपोर्ट 'निगेटिव्ह' येऊ शकतो आणि आजार मात्र अंगात असू शकतो. 'दिसलं नाही' म्हणजे 'नाहीच' असं नव्हे! म्हणूनच आता जंतूचं जनुकीय द्रव्य शोधणाऱ्या चाचण्या केल्या जातात. गोव्याच्या मोलबायो कंपनीची ट्रूनॅट ही त्यातलीच एक. खोकला हटत नसेल, वजन उतरत असेल, तर एका निगेटिव्ह स्लाइडवर निर्धास्त होऊ नका. डॉक्टरांना पुढच्या चाचणीबद्दल जरूर विचारा.

प्रकाश जाड पडतो? मग इलेक्ट्रॉन घ्या!

आबेंची भिंत ओलांडायची तर बारीक लाट हवी. १९२४ साली फ्रान्सच्या लुई द ब्रॉय यांनी एक अजब कल्पना मांडली. इलेक्ट्रॉनसारखे कणही लाटेसारखे वागतात आणि त्यांचा वेग जितका जास्त, तितकी ती लाट बारीक.

किती बारीक? एक लाख व्होल्टने पळवलेल्या इलेक्ट्रॉनची लाट ०.००४ नॅनोमीटरपेक्षाही लहान असते. म्हणजे दिसणाऱ्या प्रकाशाच्या लाटेपेक्षा लाखपटीहून बारीक. लोकरीचा मोजा काढून थेट सुईचं टोक हातात घेतल्यासारखं झालं हे.

पण इलेक्ट्रॉनला काचेचं भिंग चालत नाही. त्याला वळवायला चुंबक लागतं. तारेच्या वेटोळ्यातून वीज सोडून तयार केलेलं चुंबकीय क्षेत्र इलेक्ट्रॉनच्या झोताला तसंच एकत्र आणतं, जसं भिंग उन्हाला आणतं. बर्लिनमध्ये माक्स नॉल आणि त्यांचा तरुण विद्यार्थी एर्न्स्ट रुस्का यांनी १९३१ साली असा पहिला मायक्रोस्कोप बनवला. १९३३ सालच्या रुस्का यांच्या यंत्राने प्रकाशाच्या मायक्रोस्कोपला मागे टाकलं. १९३९ साली तंबाखूच्या पानांवर रोग आणणाऱ्या विषाणूचे फोटो प्रसिद्ध झाले. त्या कामात रुस्का यांचे डॉक्टर बंधू हेल्मुट हेही होते. ज्या विषाणूंची फक्त करणी दिसत होती, ते आता स्वतः दिसायला लागले. रुस्का यांना नोबेल मिळालं ते मात्र १९८६ साली. पन्नासहून जास्त वर्षं थांबावं लागलं!

या मायक्रोस्कोपचे दोन मुख्य प्रकार आहेत.

पहिल्यात इलेक्ट्रॉन नमुन्याच्या आरपार जातात. जिथे जड अणू असतात तिथे ते विखुरतात आणि तो भाग काळा दिसतो. साधारण एक्स-रेच्या फोटोसारखं समजा. पेशीच्या आतले कप्पे, विषाणूची ठेवण यासाठी हा प्रकार.

दुसऱ्यात इलेक्ट्रॉनचा बारीक झोत नमुन्याच्या पृष्ठभागावरून ओळीने फिरतो आणि तिथून उसळून येणारे इलेक्ट्रॉन मोजले जातात. मुंगीचा चेहरा, परागकणांचे काटे, असे जे थक्क करणारे फोटो तुम्ही पाहता, ते या प्रकारातले.

याची किंमत काय?

एवढं सगळं दिसतं तर जुने मायक्रोस्कोप भंगारात का काढले नाहीत? कारण इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप मोठी किंमत वसूल करतो आणि ती फक्त पैशांत नाही.

इलेक्ट्रॉन हवेच्या कणांवर आपटून भरकटतात, म्हणून यंत्राच्या आतली हवा काढून टाकावी लागते. निर्वात जागेत ओली पेशी टिकत नाही. म्हणून नमुना आधी रसायनांनी पक्का करतात, त्यातलं पाणी काढतात, राळेसारख्या पदार्थात गोठवतात आणि काचेच्या किंवा हिऱ्याच्या सुरीने ५० ते १०० नॅनोमीटर जाडीचे काप करतात. नमुन्यात ऑस्मियम, शिसं, युरेनियम अशा जड धातूंची संयुगं मुरवतात, कारण इलेक्ट्रॉनला रंग कळत नाही, जड-हलकं कळतं. पृष्ठभाग पाहायचा असेल तर नमुन्यावर अनेकदा सोन्याचा पातळ थर चढवतात.

या सगळ्यातून पेशी जिवंत राहत नाही. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप आपल्याला दाखवतो तो थांबलेला क्षण. पेशी विभागताना, पांढरी पेशी जंतूला गिळताना पाहायची असेल तर पुन्हा प्रकाशाकडेच यावं लागतं. जिवंत पाहायचं की बारीक पाहायचं, अशी ही निवड असते.

बस ड्रायव्हरच्या मुलीने दाखवलेला कोरोना

नमुना तयार करणं ही केवढी कला आहे, हे जून अल्मेडा यांच्या गोष्टीवरून कळतं. ग्लासगोतल्या एका बस ड्रायव्हरची ही मुलगी. परिस्थितीमुळे सोळाव्या वर्षी शाळा सुटली आणि त्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये टेक्निशियन झाल्या. पुढे कॅनडात त्या इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप चालवण्यात तरबेज झाल्या.

त्यांची हातखंडा पद्धत आपल्याला शाळेतल्या चित्रकलेच्या तासावरून समजेल. कागदावर झाडाचं पान ठेवून टूथब्रशने भोवती रंग उडवायचो, आठवतं? पान उचललं की रंगाच्या मधोमध पानाचा पांढरा आकार उरायचा. तसंच इथे विषाणूभोवती जड धातूचा क्षार पसरवतात. पार्श्वभूमी काळी होते आणि विषाणू फिकट उठून दिसतो.

कोंबड्या आणि उंदरांमधल्या विषाणूंचे असे फोटो त्यांनी काढले होते, पण 'हे तर फ्लूच्या विषाणूचे खराब फोटो' म्हणून त्यांचा लेख नाकारला गेला. १९६०च्या दशकात लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये असताना त्यांच्याकडे सर्दी झालेल्या एका शाळकरी मुलाचा नमुना आला. त्यात त्यांना तोच काट्यांचा कडा दिसला. तो माणसाचा कोरोना विषाणू होता! त्या कड्यावरूनच 'कोरोना', म्हणजे मुकुट, हे नाव पडलं आणि १९६८ साली ते छापून आलं. पन्नास वर्षांनी एनआयव्हीच्या फोटोत शास्त्रज्ञांनी शोधला तोही हाच कडा.

मग कोरोनाची टेस्ट मायक्रोस्कोपने का केली नाही?

कारण एनआयव्हीच्या शास्त्रज्ञांना पहिल्या रुग्णाच्या नमुन्यात विषाणूचे एकूण सातच कण दिसले होते. नमुना तयार करायचा, कोट्यवधींच्या यंत्रात ठेवायचा आणि तज्ज्ञाने तासन्तास शोधायचं. रोज हजारो लोकांची तपासणी अशी होऊ शकत नाही. आरटी-पीसीआर विषाणू पाहत नाही, त्याचं जनुकीय द्रव्य वाढवून ओळखते.

नवे चष्मे

गोष्ट इथे थांबलेली नाही. पेशीतले हवे ते रेणू चमकवले तर प्रकाशानेही आबेंच्या सीमेपलीकडे पाहता येतं, हे दाखवणाऱ्या तिघांना २०१४ सालचं नोबेल मिळालं. आणि नमुना इतक्या झटक्यात गोठवायचा की पाण्याचे स्फटिकच होणार नाहीत, या तंत्राला २०१७ साली. त्याला क्रायो-इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपी म्हणतात. यात पाणी काढावं लागत नाही आणि धातूही लावावे लागत नाहीत. याच तंत्राने फेब्रुवारी २०२० मध्ये, म्हणजे विषाणूची जनुकीय माहिती जाहीर झाल्यावर काही आठवड्यांतच, कोरोनाच्या काट्याची रचना समोर आली. लस बनवणाऱ्यांना नेमका हाच काटा हवा होता.

पुढच्या वेळी फोटो फॉरवर्ड करण्याआधी

२०२१ साली 'मास्कमध्ये जिवंत किडे' असे मायक्रोस्कोपचे व्हिडिओ फिरत होते. प्रत्यक्षात ते कापडाचे तंतू होते. हवेच्या झुळकीने किंवा स्थिर विजेने तंतू हलतात. मोठे केले की ते वळवळणाऱ्या किड्यासारखे वाटतात.

म्हणून असा फोटो आला की तीन प्रश्न विचारा.

पहिला, रंग कुठून आले? इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचा फोटो मुळात कृष्णधवल असतो. रंग नंतर समजण्याच्या सोयीसाठी भरतात. त्यात फसवणूक नाही, पण 'विषाणू लाल असतो' असं मात्र समजू नका.

दुसरा, मोजपट्टी आहे का? शास्त्रीय फोटोच्या कोपऱ्यात एक छोटी रेघ आणि तिची लांबी दिलेली असते. ती नसेल तर समोरची गोष्ट विषाणू आहे, जंतू आहे की धागा, हे सांगणं कठीण.

तिसरा, हे या उपकरणात दिसू शकतं का? साध्या मायक्रोस्कोपखाली 'वळवळणारा कोरोना' दाखवणारा व्हिडिओ आला तर तो खोटा आहे, हे आता तुम्हाला २०० नॅनोमीटरच्या एका आकड्यावरून सांगता येईल.

डोळ्यांना दिसलं ते खरं, असं आपण म्हणतो. मायक्रोस्कोपच्या बाबतीत मात्र कशाने पाहिलं, हेही विचारावं लागतं.

माहिती आवडली असेल तर मित्रमंडळींपर्यंत जरूर पोहोचवा. आणि हो, तुम्ही शाळेत मायक्रोस्कोपखाली पहिल्यांदा काय पाहिलं होतं? कांद्याची साल की डबक्याचं पाणी? कमेंटमध्ये नक्की सांगा!